फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी आणि कॅनडातला हिवाळा: टायरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. नुकतीच आलेली मुलं, पहिली सेकंडहँड गाडी घेतलेली जोडपी, मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आणि मुलापेक्षा जास्त चौकशा करणारे काका. मी मेकॅनिक नाही. किचनर-वॉटर्लू भागात फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत बरेच हिवाळे काढलेत, एकदा ती गाडी बर्फाच्या ढिगात घातलीय, आणि तेव्हापासून टायर हा विषय जरा जास्तच मनावर घेतलाय. पुढची उत्तरं दक्षिण ऑन्टारिओ डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत.

ताई, आमची गाडी साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. हिवाळ्यासाठी ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घ्यावी लागेल का?

बहुतेकांना नाही. गाडीला हिवाळ्यात तीन कामं करायची असतात: निघणं, वळणं आणि थांबणं. ऑल व्हील ड्राइव्ह मुख्यतः पहिल्या कामाला मदत करतं. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, म्हणून सिग्नल हिरवा झाला की ती गाडी ऐटीत पुढे जाते. पण ब्रेक दाबल्यावर तिची चार चाकं आणि तुमची चार चाकं यांत काही फरक नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. तिथे उपयोगी पडतो तो फक्त रबर आणि रस्ता यांच्यातला तळहाताएवढा भाग. उलट एसयूव्ही वजनाने जड, त्यामुळे चालवणाऱ्याचा आत्मविश्वास आणि गाडीचा धक्का दोन्ही मोठे. बर्फ पडल्याच्या पहिल्या दिवशी ४०१ हायवेच्या कडेला खड्ड्यात कोण कोण उतरलंय ते बघत जा. त्यात एसयूव्ही भरपूर दिसतील.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला एक फायदा आयताच मिळालेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन पुढच्या चाकांवर असतं, आणि गाडी ओढायचं कामही तीच चाकं करतात. त्यामुळे साफ होणाऱ्या शहरी रस्त्यांवर चार चांगले विंटर टायर लावलेली कोरोला किंवा सिव्हिक निवांत चालते. तुमच्या घराला उभ्या चढाचा लांब ड्राइव्हवे असेल, किंवा गावाबाहेर जिथे बर्फ काढणारा ट्रक दुपारी उगवतो अशा ठिकाणी राहत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे ऑल व्हील ड्राइव्ह घ्या, आणि त्यालाही विंटर टायर लावा.

गाडीला ऑल सीझन टायर आहेत. नावातच सगळे ऋतू आहेत ना?

हे नाव ज्याने ठेवलं त्याने कॅनडाचा जानेवारी पाहिलेला नसावा. पुण्यात डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते, आणि मग ती उन्हात ठेवावी लागते, आठवतंय? रबराचं तसंच काहीसं होतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी आणि ऑल सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं. उणे पंधराला ते रस्त्याला धरून बसत नाही, वरून घसरतं. विंटर टायरच्या रबरात सिलिका जास्त घालून ते थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. खात्री करायची असेल तर उणे दहाच्या सकाळी पार्किंगमध्ये दोन शेजारच्या गाड्यांच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघा. एकात रुततं, दुसऱ्यावर टेबलावर दाबल्यासारखं वाटतं.

म्हणजे हा प्रश्न फक्त बर्फाचा नाही. कोरड्या, काळ्याभोर रस्त्यावरही थंडी पुरेशी असेल तर फरक पडतो.

दुसरा भाग नक्षीचा. विंटर टायरचे ठोकळे जवळून बघितले तर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी रेघा दिसतील. त्या रेघांच्या कडा बर्फाला चावतात आणि वितळलेल्या पाण्याचा पातळ थर पोटात घेतात. मोठ्या खाचांचं काम मात्र उलटं आहे: त्यांनी बर्फाने भरायचं असतं. बर्फ बर्फाला चिकटतो. मुठीत दाबला की त्याचा लाडू वळतो ना, तसा खाचेत दाबलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. म्हणून टायरच्या खाचांत बर्फ भरलेला दिसला तर तो काढत बसू नका.

टायरवर एम+एस लिहिलंय. म्हणजे विंटर टायरच ना?

नाही, आणि इथेच सर्वाधिक लोक फसतात. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं नक्षीच्या ठेवणीवरून निर्माता स्वतःच छापतो, त्यासाठी बर्फात चाचणी द्यावी लागत नाही. तुमच्या ऑल सीझन टायरवरही ती बहुधा असतीलच.

बघायचं ते चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. १९९९ पासून हे वापरात आहे. ते मिळण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या संदर्भ-टायरपेक्षा चांगली पकड दाखवावी लागते. पण एक लक्षात ठेवा: इथली ती चाचणी गाडी पुढे ओढण्याच्या ताकदीची आहे, गुळगुळीत बर्फावर थांबण्याची नाही. म्हणून चिन्ह असलेले दोन टायर एकाच लायकीचे असतील असं नाही. चिन्ह म्हणजे दहावी पास, एवढंच समजा.

जर्मनीतून इकडे बदलून आलेल्यांनाही हे चिन्ह ओळखीचं असेल. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांवर फक्त डोंगर-हिमकणवालेच टायर चालतात, नुसतं एम+एस चालत नाही.

मग ऑल वेदर काय आहे? दुकानदार म्हणतो वर्षभर बदलायलाच नको.

ऑल सीझन आणि ऑल वेदर ही नावं इतकी सारखी आहेत की मुद्दाम केलं असावं अशी शंका येते. ऑल वेदर टायरवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि तो बाराही महिने गाडीवर ठेवता येतो. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट, टोयोचा सेल्सियस, नोकियनचे याच जातीतले टायर लोकप्रिय आहेत. कॉन्डोत राहता, टायर ठेवायला जागा नाही, टोरांटो शहरातल्या शहरात चालवता, वादळाच्या दिवशी घरून काम करता? मग बिनदिक्कत घ्या. रोज पहाटे पाचला शिफ्टला जायचं असेल, म्हणजे रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ पडायच्या आधी, तर खरा विंटर टायरच घ्या. काळ्या बर्फावर, म्हणजे डांबरावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, दोघांतला फरक कळतो.

फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, तर फक्त पुढे दोन विंटर टायर लावले तर निम्मे पैसे वाचतील?

वाचतील. मीही वाचवले होते.

पहिला हिवाळा, जुनी कोरोला, खिशात मोजके डॉलर. रूममेटचं तर्कशास्त्र असं: जोर पुढच्या चाकांना, वळणारी पुढची चाकं, मग मागच्यांना कशाला खर्च? दुकानात त्यांनी एकदा विचारलं, “नक्की दोनच?” आणि लावून दिले. दोन आठवडे गाडी झकास चालली. निघायला पटकन, वळायला पटकन. मग एका संध्याकाळी हायवेवरून उतरताना, रॅम्पच्या गोल वळणावर, मी घाबरून एक्सलरेटरवरचा पाय उचलला. एवढंच. वेग कमी झाल्याने वजन पुढे गेलं, पुढच्या टायरनी घट्ट धरलं, आणि मागच्या कडक टायरनी हात सोडला. गाडीचा मागचा भाग माझ्या डावीकडून पुढे येताना मला आरशात नाही, थेट खिडकीतून दिसला. मग पांढरं. कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगात आम्ही उलट्या तोंडाने बसलो होतो, वायपर चालू, रेडिओवर बातम्या चालू. कोणाला लागलं नाही. टो ट्रकच्या बिलात मात्र उरलेले दोन टायर आले असते.

पुढे पकड आणि मागे घसरण हा सगळ्यांत वाईट मेळ आहे, कारण पुढचं चाक घसरलं तर गाडी निदान सरळ जाते आणि तुम्हाला कळतं. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. आता बरीच दुकानं दोनच टायर लावायला सरळ नकार देतात. ती पैसे उकळतायत असं समजू नका. चारही लावा, चारही एकाच बनावटीचे. पुढच्या वर्षी झिजेत फरक दिसला तर जास्त नक्षी उरलेली जोडी मागे टाका.

आणि रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर?

चार टायर, हाच नियम. इथे निघायलाच त्रास होतो, कारण जोर मागे आणि वजन पुढे. पिकअपवाले मागच्या अ‍ॅक्सलवर वाळूच्या पोत्या ठेवतात, त्याचा उपयोग होतो, फक्त त्या नीट बांधा. आणि वाळू ठेवली की अडकल्यावर चाकाखाली टाकायलाही होते.

कोणता साइज घेऊ? मित्र म्हणतो बर्फात रुंद टायर चांगला.

मित्राला सांगा की वाळूतल्या उंटाचा नियम इथे उलटा होतो. रुंद टायर ताज्या बर्फावर आणि चिखलमिश्रित पाणचट बर्फावर तरंगायला बघतो. अरुंद टायर तो कापून खाली जातो. म्हणून हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि जरा अरुंद, उंच बाजूचा टायर घेण्याची जुनी रीत आहे. त्यात तीन फायदे: टायर स्वस्त पडतो, बर्फात बरा चालतो, आणि मार्चमध्ये रस्त्यांना जे खड्डे पडतात त्यांत रिम वाकत नाही. खड्ड्यांबाबत आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

एकच अट: चाकाचा एकूण व्यास तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलेल. उदाहरण घ्या. २२५/४५ आर १७, २०५/५५ आर १६ आणि १९५/६५ आर १५ हे तीन साइज वेगळे दिसतात, पण तिघांचा व्यास ६३२ ते ६३५ मिलिमीटरच्या आत येतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचे इंच. मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकाच्या आत असलेला ब्रेकचा भाग) बसलाच पाहिजे, त्यामुळे मनाने ऑर्डर करू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि मॅन्युअल बघा, दुकानदाराला गाडीचं मॉडेल, वर्ष, ट्रिम सांगा.

साइजनंतर ९१टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोचा भार. हा आकडा मूळ टायरपेक्षा खाली नेऊ नका. अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. विंटर टायरला अक्षर एखादी पायरी खालचं असलं तर सहसा चालतं, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं. हिवाळ्यात १९० ने कुठे जायचंय?

वेगळे रिम घ्यायलाच हवेत का?

दोनपेक्षा जास्त हिवाळे गाडी ठेवणार असाल तर हो. एकाच रिमवर दरवर्षी टायर काढ-घाल केली तर प्रत्येक वेळी मजुरी, बॅलन्सिंग, आणि टायरच्या कडेची झीज. काळे स्टीलचे रिम दिसायला भिकार, पण मिठाच्या रस्त्यांवर त्यांची काळजी करावी लागत नाही, आणि तुमचे चकचकीत अलॉय घरात सुरक्षित राहतात. जॅक आणि पाना असेल तर चार चाकं स्वतः बदलता येतात. मी आणि नवरा मिळून तासाभरात बदलतो, त्यातली वीस मिनिटं जॅक कुठे ठेवलाय ते शोधण्यात जातात.

रिम बदलले की डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागू शकतो, कारण प्रेशरचे सेन्सर जुन्या रिमवर राहिले. काही गाड्यांत सेन्सर नसतोच, चाकांच्या फिरण्यावरून गाडी अंदाज बांधते. तिथे नुसतं रीसेट केलं की काम झालं. सेन्सर विकत घ्यायचे नसतील तर दर पंधरवड्याला गेजने हवा बघायची सवय लावा.

आणि स्वतः चाक बदललं किंवा दुकानात बदलून घेतलं, तरी ८०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना) पुन्हा तपासा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून राहतं, आणि चाक निघून पुढे पळाल्याच्या बातम्या येतात.

खिळ्यांचे टायर लावू का?

टोरांटो, वॉटर्लू, लंडन, ऑटवा या भागात राहत असाल तर कायद्यानेच नाही. ऑन्टारिओत ते उत्तरेकडच्या रहिवाशांसाठी आहेत: सडबरी, थंडर बे वगैरे. खिळे फक्त गुळगुळीत बर्फावर भारी असतात. उघड्या डांबरावर आवाज करतात आणि रस्ता खातात. जपानमध्ये खिळ्यांनी रस्ता खरवडून शहरांत इतकी धूळ उडायला लागली की १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. बिनखिळ्यांच्या टायरची प्रगती त्या दबावामुळे झपाट्याने झाली. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक जपानमध्ये १९८८ साली आला तो याच काळात.

मग कंपनी कोणती?

हा प्रश्न म्हणजे लग्नात कोणता केटरर, तसा आहे. मिशेलिन एक्स-आइस, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, नोकियन हाक्कापेलिटा, कॉन्टिनेन्टल वायकिंगकॉन्टॅक्ट हे वरच्या वर्गातले, योकोहामा आइसगार्ड आणि जनरल अल्टिमॅक्स आर्क्टिक खिशाला जरा हलके. नोकियनच्या मूळ फिनिश कंपनीने १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये हाक्कापेलिटा, त्यामुळे त्यांना मान द्यावा लागतो. माझं स्वतःचं मत: नामांकित कंपनीचा मधला टायर नोव्हेंबरच्या आधी घेतलेला, हा पहिल्या वादळानंतर रांगेत उभं राहून उरलासुरला घेतलेल्या महागड्या टायरपेक्षा चांगला.

फेसबुकवर जुने विंटर टायर स्वस्तात मिळतायत. घेऊ?

घ्या, पण तीन गोष्टी हातात धरून बघा. एक, बाजूवर डीओटी शब्दानंतर शेवटी चार आकडे असतात. ३८२३ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. सहा वर्षं झालेला विंटर टायर मी नक्षी असली तरी घेत नाही, कारण रबराचा मऊपणाच गेलेला असतो. दोन, नक्षी. नवा विंटर टायर साधारण ८-९ मिलिमीटर खोल असतो, ४ मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फात त्याचा भरवसा नाही, कायद्याने चालत असला तरी. गेज नसेल तर दोन डॉलरचं नाणं, म्हणजे टूनी, अस्वल सरळ, पाय खाली ठेवून खाचेत घाला. अस्वलाचे पंजे झाकले गेले तर टायर जवळपास नवा. बाहेरच्या चंदेरी कड्यापर्यंतच पोचला तर निम्मा संपला. कड्यावरची अक्षरं अर्धीच झाकली गेली तर विकणाऱ्याला धन्यवाद म्हणा आणि घरी या. तीन, आतली बाजू. लोक फोटो बाहेरून काढतात, पॅच आतून असतात.

कधी लावायचे, कधी काढायचे? कायदा आहे का?

ऑन्टारिओत सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून इथल्या प्रत्येक विमा कंपनीला विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते. ती आपणहून कोणी देत नाही, फोन करून मागावी लागते. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, तिथे नोंदलेल्या गाड्यांना. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक हायवेंवर १ ऑक्टोबरपासून नियम लागतो, तिथे एम+एसही चालतं पण नक्षी किमान ३.५ मिलिमीटर लागते.

तारखेपेक्षा तापमान बघा. सकाळचा पारा सतत ७ च्या खाली राहायला लागला की लावा. आमच्याकडे दिवाळीचा फराळ संपेपर्यंत लावून झालेले असतात. काढायचे एप्रिलच्या मध्याला. उन्हाळ्यात तसेच ठेवलेत तर ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं आणि गरम डांबरावर ब्रेकही लांब लागतो. काढलेले टायर धुऊन, काळ्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक, नुसते असतील तर उभे. कुठलं चाक कुठे होतं ते खडूने लिहा, आणि बाजूवर बाण असेल तर पुढच्या वेळी तो गाडीच्या पुढच्या दिशेने फिरेल असंच लावा.

थंडीत हवा कमी होते का?

होते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). गॅरेजमध्ये १५ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा बाहेर उणे १५ ला २८ च्या आसपास येते. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणून सकाळी निघायच्या आधी तपासा. बर्फात पकड वाढेल म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तो वाळवंटासाठी होता.

चेनचं काय? पुण्याहून भाऊ मनालीला जातोय, त्याचीही गाडी टू व्हील ड्राइव्ह आहे.

दक्षिण ऑन्टारिओत रोजच्या वापराला चेन लागत नाहीत. मनालीचं वेगळं. महाराष्ट्रातून जाणाऱ्या गाडीला उन्हाळी टायरच असतात आणि दोन दिवसांच्या बर्फासाठी कोणी टायर बदलणार नाही. बर्फ पडला की सोलंग, अटल बोगदा या बाजूला पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. फ्रंट व्हील ड्राइव्हला चेन पुढच्या दोन चाकांवर, रिअर व्हील ड्राइव्हला मागच्या. वेग चाळीसच्या आत, आणि रस्ता उघडा लागला की काढायच्या, नाहीतर त्या टायर आणि फेंडर दोन्ही खातात. मागची चाकं मोकळी आहेत हे विसरू नकोस, उतारावर झटका देऊन ब्रेक मारू नकोस, असं त्याला दोनदा सांगा.

माझ्या भावाला मी आणखी एक सांगितलं होतं: चेन घरीच एकदा लावून बघ. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये मे महिन्यात घाम गाळत चेन लावत बसला, तेव्हा वॉचमनने गाडीला कोणी जप्ती लावली का असं विचारलं. पण पाचव्या प्रयत्नाला त्याला ती चार मिनिटांत लावता आली, आणि डिसेंबरात उणे सहाला, बोटं बधिर झालेली असताना, सात मिनिटांत.